घटनेत बसत नाय

बोईसरला खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी एकच प्रश्न विचारला.

"नाव मतदारयादीत हाय?"

आमचे हे गोंधळले. तारापूरच्या किनाऱ्याला तेव्हा मोठं बांधकाम सुरू झालं होतं. तिथल्या एका ठेकेदाराकडे ह्यांना स्टोअरकीपरची नोकरी लागली होती आणि बोईसरमध्ये खोल्यांसाठी रांगा होत्या. जात कुठली, गाव कुठलं, घरात मासळी शिजते का, पाहुणे किती येतात, या सगळ्यांची उत्तरं हे वाटेत जुळवत आले होते. हा प्रश्न त्यांत नव्हता.

"माझं आहे. गावी," हे म्हणाले.

"गावी र्‍हाऊन काय फायदा? इकडं आणायला पायजे. आणि बाईचं?"

"तिचं कशाला?"

ते माझ्याकडे वळले. "तुमाला एकवीस पुरी झाली?"

"दिवाळीत झाली," मी म्हणाले.

"मग झालं तर." आणि खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. खोली कशी आहे ते त्यानंतर दाखवलं.

सात खोल्यांची बैठी कौलारू चाळ होती ती. पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला विहीर, विहिरीपलीकडे त्यांची भाजीपाल्याची वाडी. वाडीच्या कडेला ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का, दोघंच राहत. बायको फार वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, खाली खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी आणि बारा महिने काखेत छत्री. त्यांना सगळे काका म्हणत. 'मालक' म्हटलेलं त्यांना आवडत नसे. कोणी चुकून म्हटलंच तर म्हणायचे, "मालक तुमीही हाय. देशाचे. मी फक्त कौलांचा."

चाळीतल्या पोरांना ते 'नागरिक' म्हणून हाक मारत. नाकातून शेंबूड गळणाऱ्या चार वर्षांच्या पोरालाही. "काय नागरिक, आज शाळा नाय?"

त्यांचं एक पालुपद होतं, ते मला सुरुवातीला कळलंच नाही. आल्यावर दोन-तीन दिवसांनीच, शेजारच्या खोलीतल्या बाईंनी भांड्यांचं खरकटं पाणी दुसऱ्यांच्या दारात लोटलं. काका वाडीतून ओरडले, "हे घटनेत बसत नाय!" मला वाटलं, काहीतरी घडलंय. मी घाबरून बाहेर आले आणि विचारलं, "कसली घटना?" त्या बाई हसायला लागल्या. "घडलं काही नाही हो. ती घटना वेगळी, देशाची. काकांना खरकट्या पाण्यातही दिसते."

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते आक्का सांगायच्या. देश प्रजासत्ताक झाला त्या दिवशी काका वांग्यांच्या पाट्या घेऊन पालघरच्या बाजारात गेले होते. तिथे एक वकील बैलगाडीवर उभे राहून लोकांना समजावून सांगत होते की नवीन घटना म्हणजे काय, आणि तिची सुरुवात कशी होते. ती 'आम्ही' या शब्दाने होते, असं वकील म्हणाले. काका तिथेच अडकले. त्यांनी गर्दीतून विचारलं, "आमी म्हंजे कोण कोण?" वकील म्हणाले, "सगळे. तुम्हीसुद्धा." काकांनी आजूबाजूला बघितलं. मोळ्या विकायला आलेल्या डोंगराकडच्या बाया होत्या, दातिवऱ्याची एक कोळीण पाटीवरच्या माश्या हाकत होती, एक हमाल बिडी ओढत होता. "ही पण?" "ती पण," वकील म्हणाले. "मंग ह्यांना ठावं हाय का?" काकांनी विचारलं. त्यावर वकील काय म्हणाले ते आक्कांना ठाऊक नव्हतं. पण भाऊ घरी आला तो पाट्या बाजारात विसरून, हे त्यांच्या चांगलं लक्षात होतं. "वांगी गेली ती गेली, पाट्या पण गेल्या," त्या म्हणायच्या.

तेव्हापासून काका जे करू लागले ते असं. सरकारी माणूस म्हणाला, 'वर कळवतो,' की ते विचारायचे, वर म्हणजे कुठे? आमच्या बाजूला ओढ्यावरची मोरी एका पावसाळ्यात वाहून गेली. बाजाराला जायला ओढ्यातून जावं लागायचं. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायांचे फार हाल व्हायचे. काका कचेरीत जाऊन विचारत, तिथला कारकून सांगे, वर कळवलंय. काही दिवसांनी पुन्हा जात, पुन्हा तेच. शेवटी ते त्याच्या वरच्या कचेरीत गेले. दारातल्या शिपायाने विचारलं, "कुठून आलात?"

"वरून," काका म्हणाले.

शिपाई धावत आत गेला. साहेब उठून उभे राहिले, खुर्ची आली, चहा आला. चहा निम्मा झाल्यावर साहेबांनी अदबीने विचारलं, "वरून म्हणजे मुंबईहून का आपण?"

"नाय. बोईसरहून. राज्य लोकांचं, म्हंजे लोक वर. मी लोकांतला."

साहेब चिडले. पण चहा अर्धा प्यायला गेलेला होता, आणि ते स्वतःही उठून उभे राहिलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या पावसाळ्याआधी मोरी झाली. ती काकांमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. तेही म्हणत नसत. त्यांना चहाचंच कौतुक जास्त. "चांगला करतात आपल्या कचेरीत," असं ते चाळभर सांगत फिरले.

मतदानाच्या दिवशी त्यांच्याकडे लग्नघरासारखी धांदल असायची. आक्का कुरकुरत गोडाचं करायच्या. काका धोतर नेसायचे, एरवी कधी नव्हे ते. एका निवडणुकीत उमेदवाराची जीप चाळीपुढे येऊन उभी राहिली. चाळीतले बरेचजण टुणकन बसले. काका जीपच्या मागून चालत निघाले. धूळ खात. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा थांबायचा आणि म्हणायचा, बसा ना काका. ते म्हणायचे, "तू जा रे बाबा. मी बसलो तर मत तुझ्या चाकाला बांधलं जाईल." त्या दिवशी मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. हे जीपमध्ये बसले होते, मी काकांच्या आणि आक्कांच्या बरोबर चालत गेले. मत कोणाला दिलं ते काकांनी आक्कांनाही सांगितलं नाही, आणि आक्कांनी काकांना. दोघं त्यावरून आठवडाभर भांडत होते.

पण चाळीचं खरं वैशिष्ट्य म्हणजे सभा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काका अंगणात पालथ्या घमेल्यावर बसायचे आणि सगळ्यांना बोलवायचे. संडासाच्या सफाईची पाळी, विहिरीच्या नव्या दोराची वर्गणी, दिवा किती वाजता मालवायचा, सगळं तिथे हात वर करून ठरायचं. मोजण्याची त्यांची पद्धत होती. घमेल्यावरून उठून हात वर केलेल्या प्रत्येकासमोर जायचे, छत्रीचं टोक त्याच्याकडे करायचे आणि मोठ्याने आकडा म्हणायचे. मग परत घमेल्यावर बसून, "मंजूर," किंवा "पडला." स्वतः कधी हात वर करायचे नाहीत. म्हणायचे, घमेल्यावर बसणाऱ्याला हात नसतो.

माझी पहिली सभा मला आठवते. रात्री अंगणात पत्ते खेळू द्यायचे की नाही, असा विषय होता. आमचे हे पत्तेवाले. मी दिवसभर राबून झोपणारी. काकांनी विचारलं, "बंद करावे म्हणणारे?" मी हात वर केला. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी रस्त्यात पदर सोडलाय. पहिल्या खोलीतले हेडक्लार्क हसले. शिकलेले, कायदेशीर बोलणारे गृहस्थ होते ते. म्हणाले, "एका खोलीतून दोन मतं कशी काय?"

"खोली मत देत नाय," काका म्हणाले. "माणूस देतो." आणि छत्रीचं टोक माझ्याकडे करून त्यांनी मला मोजलं.

पत्ते बंद झाले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, हे खरं. पण मी मोजली गेले होते, आणि तेही मनातून जात नव्हतं.

काका हरायचेही. कपडे वाळत घालायच्या दोरीवर एका जांभळाची फांदी आली होती. धुतलेल्या कपड्यांवर जांभळी डाग पडायचे. झाड काकांनी लहानपणी लावलेलं. फांदी तोडावी असं आम्ही बायकांनी मांडलं आणि जवळजवळ सगळे हात वर झाले. काका म्हणाले, "मंजूर." उठले, घरातून कोयता आणला आणि स्वतःच चढून फांदी तोडली. खाली उतरले तेव्हा डोळे लाल होते. आम्हाला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणाले, "काका, राहू द्यायची होती." तर मलाच रागावले. "मत झाल्यावर असं बोलू नये."

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

शेवटची खोली रिकामी झाली आणि तिथे एक नवं जोडपं आलं. नवरा तारापूरच्याच बांधकामावर नकाशे काढण्याच्या कामाला, बायको विमल. विदर्भाकडची माणसं. काकांनी त्यांनाही मतदारयादीचंच विचारलं. नवऱ्याने सांगितलं, दोघांचीही नावं आहेत. काका खूश झाले. "नवराबायको दोघं आधीपासून यादीत असलेले तुमीच पहिले," म्हणाले.

पहिल्या दिवशी विमल आमच्याबरोबर विहिरीवर पाणी भरायला आली. उंच, सावळी, मोजकं बोलणारी. माझा पोहरा दोरातून सुटायला आला होता, तिने गाठ पक्की करून दिली. "अशी मारून पाहा, सुटत नाही," म्हणाली. मला ती आवडली. संध्याकाळी त्यांनी सामान लावलं आणि भिंतीवर एक तसबीर टांगली. दार उघडं होतं. येताजाता सगळ्यांनी ती बघितली, आणि चाळीला जे समजायचं ते समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या कठड्यावरचे दोर आणि पोहरे नव्हते. ज्याने त्याने आपापले घरात नेले होते.

हेडक्लार्कनी सभा मागितली. पहिल्या रविवारची वाट बघायला कोणी तयार नव्हतं. त्याच दिवशी उन्हं कलल्यावर सगळे अंगणात जमले. विमल आणि तिचा नवरा आपल्या दाराच्या पायरीवर बसले होते. आक्का त्यांच्या घराच्या उंबऱ्यात.

हेडक्लार्क उभे राहून अगदी शांतपणे बोलले. "आमचं या माणसांशी वैर नाही. राहू देत खुशाल. फक्त विहिरीला हात लावू नये. त्यांना पाणी कोणीतरी वरून घालील. पाळी लावून घेऊ. काका, तुम्ही नेहमी म्हणता चाळ मतावर चालते. घ्या मत."

काकांनी मत घेतलं. घ्यायला नको होतं, असं मला वाटतं, पण ते गडबडले होते. नेहमीच्या सवयीने म्हणाले, "असं व्हावं म्हणणारे?"

हात वर झाले. ह्यांचाही झाला. मी माझा मांडीवर घट्ट धरून ठेवला. चौथ्या खोलीतले रत्नागिरीकडचे फिटर खाली मान घालून बसले होते, त्यांचाही झाला नाही. बाकी सगळे वर. उंबऱ्यातून आक्कांचाही.

काका घमेल्यावरून उठले. छत्री उचलली. पहिल्या हातापर्यंत गेले आणि थांबले. आकडा काही म्हणेनात. आम्ही सगळे बघत होतो.

तेवढ्यात विमल पायरीवरून उठली. "मला एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "काहून मोजून राहिले तुम्ही? मी कुठं काही मागून राहिली? विहीर आहे, मला तहान लागते, मी पाणी काढते. याच्यात तुम्हाला विचारायचं काय आहे?"

काका परत फिरले आणि घमेल्याजवळ उभे राहिले.

"हे मत मोजायचं नाय," ते म्हणाले.

"का?" हेडक्लार्कनी विचारलं. "हरणार म्हणून?"

"मी काय कवा हरलो नाय? जांभूळ तोडला की नाय?"

"मग आज काय झालं? हात दिसतायत तुम्हाला. तुमच्या बहिणीचाही आहे."

"दिसतो." काका शब्द शोधत होते. बोलण्यात ते कधी हुशार नव्हते. "दिवा कवा मालवायचा ते तुमी ठरवा. जांभूळ ठेवायचा का नाय, ठरवा. पण ही बाई आपल्यासारखी हाय का नाय, हे आपण कोण ठरवणार? हे आपल्याकडं नायच. ते ठरून गेलंय. घटनेत ठरलंय."

"म्हणजे तुम्हाला पटेल ते मताने आणि नाही पटणार ते तुमच्या हुकमाने," हेडक्लार्क म्हणाले. "याला हुकूमशाही म्हणतात, काका."

काकांचा चेहरा उतरला. एवढं वर्मी लागणारं त्यांना कोणी कधी बोललं नव्हतं. ते म्हणाले, "असंल. पण मोजणार नाय." आणि घमेलं उचलून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते पालघरला गेले. बाजारात बैलगाडीवरून बोलणारे ते वकील आता म्हातारे झाले होते, पण होते. दुपारी काका परत आले ते थेट माझ्या दारात. मी तांदूळ निवडत होते. आल्या आल्या ते पायरीवर बसले.

"वकिलांना इचारलं. म्हटलं, सगळ्यांनी हात वर केले तर एकाचं पाणी तोडता येतं का? ते म्हणाले, नाय. म्हटलं, सगळ्या गावानं केले तर? नाय. सगळ्या देशानं? तरी नाय. म्हणाले, ती त्यासाठीच लिवलीय. आणि अडवलं तर कायद्यानं गुन्हा पण हाय म्हणाले." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "मी बरोबर होतो गं पोरी. मला रात्रभर वाटत होतं, आपण हुकूमशहा झालो का काय."

मग ते शेवटच्या खोलीकडे गेले. विमल दारातच होती. काकांनी आत वाकून तसबिरीकडे बघितलं.

"ह्यांनीच लिवली ना?"

"हो," विमल म्हणाली.

"आणि मी ह्यांच्यासमोर मत घेतलं," काका म्हणाले. विमलने त्यांना पाणी दिलं. ते प्यायले आणि वाडीत गेले.

पुढचे काही महिने वाईट गेले. हेडक्लार्क महिनाअखेरीला सोडून गेले, त्यांच्या पाठोपाठ आणखी एक बिऱ्हाड. बोईसरमध्ये खोल्यांची एवढी मारामार, तरी त्या दोन खोल्या पावसाळाभर रिकाम्या राहिल्या, कारण बातमी बाजारभर झाली होती. राहिलेल्यांतले काही जण कुंभवलीच्या वाटेवरच्या एका विहिरीवरून पाणी आणायला लागले. ह्यांनी मलाही तसं सांगितलं. मी म्हणाले, तुम्ही आणा. ह्यांनी चार दिवस आणलं. पाचव्या दिवशी कामावरून उशीर झाला, पोटात भूक होती, ते मी चाळीच्या विहिरीवरून भरलेलंच पाणी घटाघटा प्यायले आणि विषय संपला. पुष्कळांचा असाच संपला. कोणी मन बदललं असं म्हणवत नाही. पाऊस, चिखल आणि लांबची विहीर यांनी पाय दमले, एवढंच.

आक्का मात्र दमल्या नाहीत. साठी उलटलेली बाई, रोज सकाळी कमरेवर हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जायची. पहिल्या दिवशी चाळ दारात उभी राहून बघत होती, की आता काका बहिणीला अडवतात का. काकांनी अडवलं नाही. ते तिच्या मागोमाग गेले, आणि परत येताना भरलेला हंडा त्यांच्या खांद्यावर होता.

मी विचारलं, "काका, हे काय?"

"तिला तिकडचं पाणी प्यायचंय, पिऊ दे. तो तिचा हक्क हाय. विमलबाईंना इथलं प्यायचंय, हा त्यांचा."

"पण तुम्ही कशाला वाहता?"

"म्हातारी हाय ती," काका म्हणाले, जणू मीच काहीतरी वेडं विचारलं होतं.

लोक हसायचे. काका रोज हंडा आणायचे, बहिणीच्या स्वयंपाकघरात ठेवायचे आणि आपण स्वतः चाळीच्या विहिरीचं पाणी प्यायचे. एकाच घरात दोन माठ. दोघं एका पंगतीला बसून जेवायची, आपापल्या तांब्यातून पाणी प्यायची. भांडण नाही, समजूत घालणं नाही.

श्रावण सरत असताना चिखलात काकांचा पाय घसरला. हंडा गेला, कंबर धरली. दोन दिवस ते खाटेवर पडून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तर आक्का तिथे पोहरा सोडत होत्या. कठड्याच्या दुसऱ्या बाजूला विमल आपला दोर ओढत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मी माझी कळशी खाली ठेवली.

आक्का माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "त्याची कंबर मोडली तर मला कोण बघणार हाय? बाटले तर बाटले."

विमलने ते ऐकलं. तिचा दोर हातात थांबला. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, आणि तिने बोलायलाच हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुमचा पोहरा तिरपा लागून राहिला. दगडाला घासते." आक्कांनी पोहरा सरळ केला. त्यांच्यात त्या दिवशी याहून जास्त काही झालं नाही.

रिकाम्या खोल्यांत हळूहळू माणसं आली. काका पुन्हा घमेल्यावर बसायला लागले, पण सभेचा जीव गेला होता. लोक जमायचे, काका विषय मांडायचे, दोनचार हात अर्धेमुर्धे वर व्हायचे. काका मोजायचे, पण पूर्वीचा जोर नव्हता. 'असंल,' असं त्या दिवशी ते म्हणाले होते, ते त्यांच्या मनात कुठेतरी राहिलं असावं. विमल सभेला यायची, आपल्या पायरीवर बसायची, बोलायची नाही. कोणत्याच बाजूने हातही वर करायची नाही. एकदा काकांनी तिला विचारलं तर म्हणाली, "माझ्या पाण्यावर मत घेतलं त्या सभेत मी काहून हात वर करू?"

थंडी सुरू झाल्यावरची एक सभा. काकांनी दोराच्या वर्गणीचं उरकलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणाचं काय?"

"माझं आहे," विमल म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती पायरीवरून उठून अंगणात आली.

"काका रोज सकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून आंघोळ करतात. साबणाचं पाणी फटीतून आत जाते. मी वाकून पाहिलं आहे, फेस तरंगते. तेच पाणी आपण सगळे पिऊन राहिलो. काकांनी आंघोळ घराच्या मागं करावी."

ते खरं होतं. काका वर्षानुवर्षं त्या कठड्यावर पाय सोडून बसायचे आणि पोहऱ्याने डोक्यावर पाणी ओतून घ्यायचे. एवढा मोठा गदारोळ त्या पाण्यावरून झाला, पण हे बोलायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. आणि आता ते काकांना सांगत होती ती विमल.

काका लाल झाले. "माझ्या बापापासून आमी तिथंच आंघोळ करतो," ते म्हणाले.

"बापापासून म्हणून घटनेत बसते का?" विमलने विचारलं.

उंबऱ्यातून आक्का ओरडल्या, "मी ह्याला किती वर्सं सांगते! माझं ऐकतो का कवा? घे मत, घे!"

फिटर हसायला लागले. मग हे हसले, मग सगळेच. काकांनी घमेल्यावर नीट बसून घेतलं, टोपी सारखी केली.

"विमलबाईंनी मांडलंय. कठड्यावरची आंघोळ बंद. व्हावं म्हणणारे?"

सगळे हात वर झाले. पोराटोरांचेही, त्यांना ते खाली घ्यायला लावावं लागलं. विमलने आपला वर केला, सरळ, पूर्ण. आक्का उंबरा सोडून अंगणात आल्या होत्या, जागा मिळाली ती विमलच्याच शेजारी, आणि तिथे उभ्या राहून त्यांनी हात वर केला.

काका उठले. छत्री घेऊन एकेकासमोर गेले, मोठ्याने आकडे म्हणत. माझ्यासमोर आले, ह्यांच्यासमोर, फिटरसमोर. विमलकडे टोक केलं, आकडा म्हटला. बहिणीकडे केलं, आकडा म्हटला. परत घमेल्यापाशी गेले. सगळ्यांनी हात खाली घेतले आणि ते काय म्हणतात याची वाट बघू लागले.

"चुकलं," काका म्हणाले. "पुन्हा वर करा. मोजायला चुकलो."

ते चुकले नव्हते. मी त्यांच्याबरोबर मनात मोजत होते, आणि काका मोजण्यात कधी चुकल्याचं मला माहीत नाही. पण आम्ही पुन्हा हात वर केले. या वेळी ते जागचे हलले नाहीत. घमेल्याजवळ उभे राहून बघत राहिले.

"अरे, मोज की!" आक्का म्हणाल्या. "हात भरून आला माझा."

"थांब जरा," काका म्हणाले. "थांब."